पाण्याआधी निरोप

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, एक रेघ आहे. मातकट रंगाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गवंड्याने पाणसळ लावून आखावी इतकी सरळ. दिवाळीच्या आधी घराला चुना मारतात तेव्हा आई मजुराला तेवढा पट्टा सोडायला लावते. बाबांनी एकदा विचारलं, "कायले ठेवतं थे?" आई म्हणाली, "राहू द्या. मले पाहाले लागते." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

ती रेघ ३१ ऑगस्ट २०२० च्या पहाटेची. वैनगंगा आमच्या घरात तिथवर आली होती.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपासून दीडेक किलोमीटर आत. आईचं माहेर धरणाच्या वरच्या अंगाला, आंभोऱ्याच्या बाजूला. म्हणजे होतं. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे आणि मामाजी नव्या गावठाणात राहतात. आईचं माहेर धरणात गेलं आणि सासर पुरात सापडलं. दोन्ही पाणी एकाच नदीचं. त्यामुळे या धरणाबद्दल "चांगलं की वाईट" असं कुणी विचारलं की मला पटकन उत्तर देता येत नाही. आमच्या घरात ते जेवणाच्या ताटावर बसलेलं धरण आहे.

त्याचं कागदावरचं नाव इंदिरा सागर. गावात सगळे गोसे धरण म्हणतात. पवनी तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात. भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आई सांगते, माहेरच्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं पंतप्रधान पाहायला गेली होती. आपलंच गाव बुडवणाऱ्या धरणाचा तो नारळ आहे हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं, तरी गेली. भिंत ११.३५ किलोमीटर लांब, बहुतेक सगळी मातीची, मधे दगडी-काँक्रीटचा सांडवा आणि त्याला ३३ वक्राकार दारं. १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. उद्देश अडीच लाख हेक्टरला पाणी देण्याचा. उजवा कालवा ९९ किलोमीटरचा, पार चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा तलावापर्यंत. पायथ्याशी २४ मेगावॅटचं वीजघर.

एवढं सगळं मला २०२० पर्यंत माहीत नव्हतं. शिक्षिका असून माहीत नव्हतं. मुलांना कोयना शिकवलं, भाक्रा-नांगल शिकवलं, आणि ज्याच्या खाली आमची शाळा आहे त्या धरणाला किती दारं आहेत हे मी कधी फळ्यावर लिहिलं नाही.

त्या आठवड्यात गणपती बसलेले होते. कोरोनाचं वर्ष, शाळा बंद, म्हणून मी गावातच. धानाची रोवणी होऊन महिना उलटला होता, बांध्या, म्हणजे भातखाचरं, हिरव्यागार, पाऊस बेताचा. वर मध्य प्रदेशात, सिवनी-छिंदवाडा-बालाघाटकडे जबर पाऊस झाल्याचं मोबाईलवर येत होतं. वैनगंगेवर भीमगडला संजय सरोवर आहे, त्याची दारं उघडली. पेंच नदीवर तोतलाडोह आहे, त्याचीही चौदाच्या चौदा उघडली. २९-३० तारखेला भंडारा शहरात पाणी शिरल्याचे फोटो यायला लागले. दुकानांत पाणी, रस्त्यांवर नावा. आम्ही ते फोटो पाहिले, एकमेकांना पाठवले, हळहळलो.

आणि घाबरलो नाही. मला आजही सर्वांत जास्त हेच टोचतं. आमच्याकडे उघाड होती, ऊन पडलं होतं, आईने पापड वाळत घातले होते. बाबा म्हणाले, "मधात धरन हाय ना एवढं मोठं. थे काय उगीच बांधलं का? धरून ठेवल पानी." बाबांचं हे वाक्य त्या दिवशी गावातल्या प्रत्येक पारावर कुणी ना कुणी बोललं असेल. धरण म्हणजे धरणारं. नावातच आहे ना.

आईने मात्र दुपारपासून मामाजींना फोन लावायला घेतला होता. लागत नव्हता. तिकडे वीज तोडली होती, मोबाईल उतरले होते, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी गावाबाहेरच्या नाल्याकडे गेले होते. आमचा नाला पुढे नदीला मिळतो. पुलावर चारपाच पोरं वाकून पाहत होती. एक म्हणाला, "मॅडम, नाला उलटा चालला." मला वाटलं गंमत करतोय. मग मी पाहिलं. पळसाचं एक पान, वर काळपट, खाली फिकट, पुलाखालून आत, गावाच्या दिशेने निघालं होतं. हळूहळू, न भोवरता, कुणी दोरीने ओढावं तसं. त्याच्यामागे फेस, त्याच्यामागे काडीकचरा. आवाज नव्हता. पूर म्हटला की माझ्या डोळ्यापुढे खळाळ यायचा. हा पूर मुका होता. नदी इतकी भरली होती की नाल्याचं पाणी तिच्यात जायला जागा नव्हती. उलट नदीच नाल्यातून वर चढत होती.

मी घरी येऊन सांगितलं. बाबा पाहून आले आणि काही न बोलता गोठ्यात जाऊन त्यांनी दावी सोडली.

गावाला निरोप आला तो रात्री नवाच्या पुढे. तोपर्यंत खालच्या मोहल्ल्यात पोटऱ्याएवढं पाणी होतं. निरोप कुणी द्यायचा होता, तो कुठे अडकला, याची चौकशी पुढे गावाने पुष्कळ केली. मला इथे कुणाचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकाने आपल्या पुढच्याला सांगितलं असेलही. पण तो गावात पोचला तेव्हा पाणी आधीच पोचलेलं होतं, एवढं खरं.

शाळेची किल्ली माझ्याकडे होती. वरच्या मजल्याचे दोन वर्ग उघडले. रात्री दोनपर्यंत माणसं येत राहिली, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एकाच्या हातात पाटासकट गणपती. आईने आमचा गणपती माळ्यावर ठेवला, त्याच्यापुढे मूठभर तांदूळ ठेवले आणि दार ओढून घेतलं. मागच्या खोलीत ढोली होती, वर्षाच्या खाण्याचं धान भरलेली. बांबूची, शेणाने लिंपलेली, पुरुषभर उंच. ती कुठे हलवणार? बाबांनी तिच्यावर फारी टाकली. ताडपत्री टाकली की पाणी अडेल, असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरात शिरताना आधी वास आला, आंबट, हातभट्टीसारखा. ढोली फुगून एका बाजूने फाटली होती आणि फाटीतून धान बाहेर आलं होतं, त्याला पांढरे बारीक कोंब. आईने ओंजळ भरून वर घेतलं. धानाला कोंब येणं म्हणजे एरवी आनंदाची गोष्ट. पऱ्हे टाकायच्या आधी आपण तेच तर पाहतो. ती तशीच ओंजळ धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "जमीन समजून राहिलं बिचारं."

बांध्यांवर बोटभर गाळ बसला होता. एक कालवड गेली. आमचं नुकसान त्या मानाने थोडं. खाली ब्रह्मपुरी, वडसा बाजूच्या गावांचे हाल आमच्याहून फार वाईट होते. काही गावांना चहूबाजूंनी पाण्याने वेढलं होतं आणि माणसं नावेने काढावी लागली. त्या वेळी गोसेची तेहतीसच्या तेहतीस दारं उघडी होती.

गावात राग होता. धरणाने आम्हाला बुडवलं, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका निवृत्त शाखा अभियंत्यांना भेटले. आमच्या नात्यातलेच, आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेलेलं. गोसेवर त्यांनी कधी काम केलं नव्हतं, पण धरण म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. मी रागानेच विचारलं की आमच्यावर दारं उघडायची काय गरज होती. त्यांनी मला वही आणायला सांगितली.

"या धरणात कामाचं पाणी मावतं ७४० दशलक्ष घनमीटर," ते म्हणाले. "म्हणजे सव्वीस टीएमसी. मोठा आकडा वाटतो ना? आता समज, नदीला सेकंदाला दहा हजार घनमीटर पाणी येऊन राहिलं. मोठ्या पुराला वैनगंगेत यापेक्षा जास्त येतं, पण आपण दहाच धरू. भाग."

मी भागलं. चौऱ्याहत्तर हजार सेकंद. तास काढले. साडेवीस.

"आणि हे धरण पूर्ण रिकामं धरलं तर," ते म्हणाले. "ऑगस्टच्या शेवटाला ते रिकामं कुठून असणार?"

मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. एवढी अकरा किलोमीटरची भिंत, एवढी गावं उठवली, एवढे कोटी. आणि मोठ्या पुरापुढे तिच्याकडे एक दिवसही नाही. त्यांनी पुढचं सांगितलं ते मला अजून पाठ आहे: "बाई, धरण पूर अडवत नाही. पुराला उशीर करतं. त्या उशिरात खालच्यांनी काय केलं, त्यांना कळलं का, यावर सगळं."

मग दारं बंद ठेवली असती तर? त्यांनी मान हलवली. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की भिंत धुपते, आणि एकदा धुपायला लागली की थांबत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याचं काय झालं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. त्यामुळे पूर्ण संचय पातळी, गोसेची ती २४५.५० मीटर, गाठली की जेवढं पाणी येतं तेवढं सोडावंच लागतं. त्या क्षणी धरण असून नसल्यासारखं होतं. नदी आपली नदीसारखी जाते.

मला खरं कोडं याच्या आधीचं वाटतं. पूर पोटात घ्यायचा तर धरणात जागा रिकामी हवी. सिंचनाला आणि विजेला धरण भरलेलं हवं. एकाच भांड्याकडून दोन उलट्या मागण्या. कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं याचं प्रत्येक मोठ्या धरणाचं वेळापत्रक असतं. जुलैत कमी ठेवायचं, पावसाळा सरता सरता भरत न्यायचं. पण ते ठरवणाऱ्याच्या मनात कायम एक भीती असते. आज सोडलं आणि उद्या पाऊस आलाच नाही तर? उन्हाळ्यात शेतकरी विचारतील, पाणी कुठे गेलं. रिकाम्या धरणाबद्दल दर वर्षी बोंब होते. भरलेल्या धरणाबद्दल दहा वर्षांतून एकदा, ज्या वर्षी पूर येतो त्या वर्षी. कुणीही माणूस असता तर भरूनच ठेवायला ओढला गेला असता, असं मला वाटतं. त्यात वाईट हेतू शोधायची गरज नाही. पण याचा अर्थ खालच्या माणसाची सुरक्षितता ज्या रिकाम्या जागेवर उभी आहे, तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही.

विजेचंही तेच. पाण्याची वीज म्हणजे उंची गुणिले पाणी. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला वीस मीटर खाली पडलं तर त्यातून पावणेदोनशे किलोवॅटच्या आसपास वीज मिळते. धरणात पातळी जितकी वर, तितकी तेवढ्याच पाण्यात जास्त वीज. म्हणून वीजघराला पाणी उंच हवं असतं. गोसेला उंची बेताची, म्हणून वीज २४ मेगावॅट. पेंचवर तोतलाडोहला १६० मेगावॅट आहे आणि त्यात मध्य प्रदेशाचा वाटा मोठा. कोराडीच्या कोळशाच्या एकेका नव्या संचाची क्षमता ६६० मेगावॅट, आणि त्याही केंद्राला पाणी लागतंच, काही पेंचचं, काही नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी. विदर्भात वीज पाण्यापासून थोडी होते, पण पाण्यावाचून होत नाही.

लोकांना वाटतं वीजघर चालू ठेवून आधीच पाणी काढून टाकता येईल. मीही तसं विचारलं होतं. वहीत हिशेब केला तर २४ मेगावॅटला, उंची अठरा-वीस मीटर धरून, सेकंदाला दीडशे घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. दहा हजारांपुढे दीडशे. वीजघर हे धरणाचं नाक आहे. त्यातून श्वास चालतो, पूर ओकता येत नाही.

आमच्याकडे धरण नवं, पाणी साठवणं नवं नाही. भंडारा-गोंदियाची ओळखच तलावांची. कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेले मालगुजारीतले शेकडो तलाव, ज्यांना आता मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात, अजून धानाला पाणी देतात. त्यांची भाषाही आपली. मातीची पाळ. पाणी सोडायचं तुडूम. जास्तीचं पाणी जायला सलंग. आणि पाणी वाटणारा पाणकर. आमच्या गावच्या तलावाचा म्हातारा पाणकर तुडूम उघडायच्या आधी पाळीवर उभा राहून हाक द्यायचा. खालच्या बांधीत कुणी वाकलेलं असलं तर ते उठून हात दाखवायचं, मग तो उघडायचा. लहानपणी मला ते नाटकी वाटायचं. बांधीभर पाण्यात कोण बुडणार होतं? आता कळतं की पाणी सोडायच्या कामाचा तो अर्धा भाग होता. हात दिसल्याशिवाय तो उघडत नसे.

तेहतीस दारांच्या पाळीवरून ब्रह्मपुरीपर्यंत हाक कशी पोचवायची, याचं उत्तर मोठं करावं लागेल हे मला समजतं. पण मोठं करायचं ते हेच. हाक दिली, एवढ्यावर थांबायचं नाही. हात दिसला का, ते पाहायचं.

मामाजींच्या गावाला मात्र निरोप फार आधी मिळाला होता. वीस-पंचवीस वर्षं आधी. आई लग्न होऊन आली तेव्हाच ते गाव बुडणार हे ठरलेलं होतं आणि गेलं ते टप्प्याटप्प्याने, मी नोकरीला लागल्यावर. मधल्या काळात गाव जिवंतही नव्हतं आणि मेलेलंही नव्हतं. पक्कं घर कुणी बांधेना. बांधलेल्याची डागडुजी होईना. बुडीत गावात पोरगी द्यायला कुणी तयार होत नसे. धाकट्या मामाजींचं लग्न त्यापायी सहा वर्षं रखडलं. मोजणी आली, परत आली, भाव ठरला, बदलला. आजी म्हणायची, "एकदा बुडवाचं तं बुडवा ना बापा. रोज रोज कायले?"

निरोप उशिरा आला तर काय होतं ते मी आमच्या गावात, म्हणजे आईच्या सासरी, पाहिलं. तो फार लवकर आला आणि काम झालंच नाही, तर काय होतं ते आजोळी.

गाव सोडलं त्या दिवशी आजीने उखळ काढायला लावलं. ओसरीत जमिनीत गाडलेलं, दगडी, तिच्या सासूच्याही आधीचं. दोन गड्यांनी पहारीने खणलं तेव्हा खालून कोरडी पिवळी माती निघाली. नव्या घरात सगळीकडे फरशी. उखळ गाडायला जागाच नाही. ते आता अंगणात आहे, त्यात पाणी असतं आणि कोंबड्या येऊन पितात. आजी असेपर्यंत रोज सकाळी ते भरायची. आता मामीजी भरतात.

मामाजींच्या मनात राहिली आहे ती डांगरवाडी. उन्हाळ्यात वैनगंगेचं पात्र उघडं पडलं की रेतीत चर काढून, शेणखत घालून टरबूज-डांगर लावायचे. शेजारचे ढिवर, म्हणजे मासेमार, त्यात तरबेज. आमच्या मामाजींनी त्यांच्याकडूनच शिकून घेतलं होतं. रात्री राखणीला झोपायचं, पहाटे वाम किंवा शिंगाडा मासा मिळाला तर तिथेच भाजायचा. आता रेतीच दिसत नाही. तिथे बारा महिने पाणी, आणि ते पाणीही तसं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून या जलाशयात येतं. उन्हाळ्यात पाण्याला हिरवट साय धरते आणि वास येतो. ज्या नदीचं पाणी हाताच्या ओंजळीने प्यायलो, तिच्यात पाय धुवायला मामाजी आता तयार नसतात. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडले. दोन हजारांहून जास्त वर्षं माणसं या काठाला नांदत होती. इतक्या वर्षांत या काठावरच्या कुणाला आपल्या नदीच्या पाण्याची लाज वाटली असेल असं मला वाटत नाही.

हे लिहिताना दुसरी बाजू गाळली तर ते खोटं होईल. माझ्या आतेभावाची सहा एकर जमीन उजव्या कालव्याखाली आली. तो आता उन्हाळी धान घेतो. पूर्वी फेब्रुवारीनंतर तो पुण्याला कामाला जायचा, आता जात नाही, त्याची मुलं गावच्या शाळेत आहेत. त्यातली एक माझ्या वर्गात बसते. त्याच्यापुढे मी धरण नको म्हणू शकत नाही, आणि म्हणतही नाही. मला हवं ते एवढंच की धरण चालवणं म्हणजे दारं, कालवे, टर्बाइन यांच्याइतकंच खालच्या शेवटच्या मोहल्ल्यातल्या शेवटच्या घराला वेळेत कळवणं आहे, असं मानलं जावं. ते धरणाचंच काम आहे, चौतिसावं दार म्हणा हवं तर.

२०२० नंतर आमच्या घराने आपली सोय आपण केली. मामाजींच्या नव्या गावठाणाखाली जलाशयाच्या काठाला घाट बांधला आहे, विसर्जनासाठी. अठरा पायऱ्या. वर मोठं पाणी आलं की आधी तिथे फुगतं, मग गोसेला दारं वर जातात, मग काही तासांनी आमच्या नाल्याला. मामाजी आषाढ ते भाद्रपद रोज संध्याकाळी घाटावर जातात आणि किती पायऱ्या कोरड्या आहेत ते आईला फोनवर सांगतात. आईने स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर टांगलं आहे. त्यावर तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडा. नऊ, नऊ, आठ, नऊ. २०२२ च्या जुलैत तो तीनवर आला होता. त्या दिवशी बाबांनी कुणाच्या निरोपाची वाट न पाहता गुरं वर नेली, आणि आईने मोहल्ल्यात घरोघर जाऊन सांगितलं. आधी काही जण हसले. आता संध्याकाळी सातनंतर दोनचार बाया आमच्या ओसरीवर येऊन बसतात. गप्पा इकडच्या तिकडच्या, पण कान फोनकडे.

मी माझ्या वर्गातल्या मुलांना नाल्याच्या पुलावर नेलं. खांबावर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा करून घेतल्या. रोज दोघांची पाळी. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, पाणी खालून वर येतं तेव्हा आकडा लाल पेनाने लिहू का? मी म्हटलं, लिही.

काल संध्याकाळी मामाजींचा फोन आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. सूप मांडीवरून उतरवून तिने फोन कानाला लावला. आता मामाजींना ऐकू कमी येतं, म्हणून दोघंही ओरडून बोलतात, अख्ख्या ओसरीला कळतं.

"बाई, आयकून राहिली का?"

"हाव, सांग गा भाऊ."

"सात हायेत. सकारी आठ होत्या."

"वरते पानी हाय का?"

"बालाघाटकडे काल लय झालं म्हंते. मी रातच्यानं आनखी एक चक्कर मारतो. तू झोपू नको मी फोन करेपर्यंत."

"नाई झोपत," आई म्हणाली. तिने उठून चौकोनात सात लिहिले, फोन चार्जिंगला लावला, आणि सूप परत मांडीवर घेतलं.